पन्नास सेकंदांची तूट : रक्तकेंद्रातल्या एका फिकट पट्टीचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून रुग्णालय, काळ आणि काही वैद्यकीय तपशील बदलले आहेत. आकडेमोड मात्र आहे तशीच ठेवली आहे.)

पार्श्वभूमी

मी एका कर्करोग रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. माझा दिवस लिनॅकभोवती, म्हणजे कर्करुग्णांना किरण देणाऱ्या यंत्राभोवती जातो. कोणत्या रुग्णाला किती ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), कोणत्या कोनातून, आणि यंत्र सांगितलं तेवढंच देतंय का, हे माझं काम. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर रक्तकेंद्र आहे आणि तिथल्या कोपऱ्यातल्या खोलीत शिशाच्या जाड कवचातलं रक्त-इरॅडिएटर, म्हणजे रक्ताच्या बॅगांना किरण देणारं यंत्र. आत कोबाल्ट-६० च्या कांड्या गोलाकार उभ्या आहेत. त्यांच्या मधोमध एक डबा खाली उतरतो, टायमरवर टाकलेला वेळ थांबतो आणि वर येतो. एवढंच ते यंत्र.

रक्ताला किरण कशासाठी द्यायचे, हे रक्तदान शिबिरात कोणी सांगत नाही. दात्याच्या रक्ताबरोबर त्याच्या लिम्फोसाइट, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशीही येतात. धडधाकट माणसाचं शरीर त्यांना परकं ओळखून संपवतं. पण ज्याची प्रतिकारशक्ती केमोथेरपीने पार झोपली आहे, अशा रुग्णात त्या तगतात, वाढतात आणि त्याच्याच शरीरावर उलटतात. आधी कातडी, मग यकृत, आतडी आणि शेवटी अस्थिमज्जा. याला टीए-जीव्हीएचडी (ट्रान्सफ्यूजन-असोसिएटेड ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट डिसीज) म्हणतात. क्वचितच होतं, पण झालं तर दहातले नऊहून अधिक रुग्ण दगावतात. ल्युकोफिल्टरने पांढऱ्या पेशी कमी होतात, तरी या आजारासाठी केवळ फिल्टरवर विसंबत नाहीत. बॅगेला किरण द्यावेच लागतात. डब्याच्या मध्याला २५ ग्रे, कोणत्याही कोपऱ्यात १५ पेक्षा कमी नाही आणि कुठेही ५० च्या वर नाही. एवढ्या मात्रेत लिम्फोसाइट विभागू शकत नाहीत. प्लेटलेट आणि लाल पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे त्यांचं काम बऱ्यापैकी चालू राहतं.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. ‘बाहेरचं नको, घरचंच रक्त द्या’ असा नातेवाइकांचा आग्रह असतो. टीए-जीव्हीएचडीच्या दृष्टीने घरचं रक्त जास्त धोक्याचं. भावाच्या पेशी बहिणीच्या पेशींशी इतक्या जुळू शकतात की तिचं शरीर त्यांना परकं समजतच नाही, त्या मात्र तिला परकं समजू शकतात. म्हणून जवळच्या नातेवाइकाची बॅग असेल तर किरण दिल्याशिवाय ती सोडायची नाही.

बॅग डब्यात घालण्याआधी तिच्यावर एक चिकटपट्टी लावतात. पट्टीवर इंग्रजीत ‘नॉट इरॅडिएटेड’ असं छापलेलं असतं आणि ‘नॉट’ या शब्दावर एक छोटी खिडकी असते. किरण मिळाले की खिडकी काळपट होते, ‘नॉट’ झाकला जातो आणि उरतं ते ‘इरॅडिएटेड’. आमच्या पट्ट्या १५ ग्रेच्या होत्या, म्हणजे साधारण तेवढ्या मात्रेला ‘नॉट’ दिसेनासा व्हायला हवा. असल्या पट्ट्यांत आणि रेडिओथेरपीच्या फिल्ममध्ये बहुतेक वेळा डायॲसिटिलीन जातीचं संयुग असतं. त्याचे रेणू मुळात जवळजवळ रंगहीन आणि ओळीने रचलेले. किरण पडले की शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळी होते आणि ती निळी दिसते. जितके किरण, तितक्या साखळ्या, तितका रंग गडद. डार्करूम लागत नाही, रसायनात बुडवावं लागत नाही.

फक्त या रेणूंना जुळायला गॅमा किरणच लागतात असं नाही. अतिनील प्रकाशानेही ते जुळतात आणि उष्णतेनेही.

अडचण

संध्याकाळी पावणेसातला रक्तकेंद्रातल्या सीनियर टेक्निशियन ताईंचा फोन आला. “सर, नॉट अजून दिसतंय.”

खाली गेलो. टेबलावर एसडीपीची बॅग होती, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट. पिवळसर, दाट, हलवली की आत ढगासारखी भोवरी फिरणारी. बॅगेच्या वरच्या टोकाला, नळीजवळ पट्टी लावलेली होती. खिडकी काळवंडली होती, पण पुरती नाही. तिरप्या उजेडात ‘नॉट’ची तिन्ही इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. समोरून पाहिलं तर वाटे झाकलंय, जरा कलती धरली की वाटे नाही झाकलेलं.

रुग्ण ३४ वर्षांच्या बाई, हॉजकिन लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), स्वतःच्याच स्टेम सेलचं प्रत्यारोपण होऊन अकरावा दिवस. प्लेटलेट ७,००० वर आलेल्या, हिरड्यांतून रक्त. दाता त्यांचा सख्खा भाऊ. म्हणजे किरण दिलेच पाहिजेत असं सांगणाऱ्या दोन गोष्टी एकाच बॅगेत एकत्र आल्या होत्या.

टायमरची नोंद बरोबर होती. यंत्राच्या दाराला लॅमिनेट करून चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे ५ मिनिटं ० सेकंद. डबा खाली गेल्याचा आणि वर आल्याचा दिवा लागला होता. ताईंनी दुसरी एक गोष्ट सांगितली. पट्ट्यांचा नवा डबा दहा दिवसांपूर्वी उघडला होता आणि त्यातल्या पट्ट्या अधूनमधून फिकट येत होत्या. रजिस्टरमध्ये दोन ठिकाणी शेरा होता : ‘नवी पट्टी सदोष, जुनी वापरली.’ दोन्ही वेळा जुन्या डब्यातली शिल्लक पट्टी लावून बॅग पुन्हा फिरवली होती आणि पट्टी व्यवस्थित काळी झाली होती. पुरवठादाराला फोनही झाला होता. तो म्हणाला, बॅच बदलून देतो.

सगळ्यांचा कल एकाच बाजूला होता : नवा डबा खराब. माझाही. यंत्र वर्षानुवर्षं तेच, माणसं तीच, बदललं काय तर पट्ट्या.

त्या संध्याकाळचे पर्याय

पहिला पर्याय टायमरवर विश्वास ठेवून बॅग सोडायचा. पट्टी हे काही मोजमाप नव्हे, ती ‘बॅग आत जाऊन आली’ एवढंच सांगायला असते, असं पाठ्यपुस्तकी कारणही त्याला होतं. रक्तसंक्रमण विभागाच्या डॉक्टर मॅडमनी तो तिथेच फेटाळला. पट्टी काळी झाली की मानायची आणि नाही झाली की ती मोजमाप नाही म्हणायचं, असं दोन्हीकडून बोलता येणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसरा पर्याय जुन्या डब्यातली पट्टी लावून पुन्हा त्याच यंत्रात पाच मिनिटं देण्याचा. दोनदा तसं केलेलं होतंच. पण यंत्रातच दोष असेल तर तोच दोष दुसऱ्यांदाही येणार. आणि यंत्र ठीक असेल तर डब्यातल्या सर्वांत तापत्या, म्हणजे सर्वांत जास्त मात्रेच्या जागी तक्त्याप्रमाणे ३० ग्रे पडतात, दोन फेऱ्यांत ६०. मर्यादा ओलांडली.

तिसरा पर्याय दुसऱ्या केंद्रातून किरण दिलेली बॅग मागवण्याचा. चौकशी केली. जवळच्या शहरात इरॅडिएटर होता, पण त्या गटाची एसडीपी तयार नव्हती. नवा दाता, दीड तास यंत्रावर, मग प्रवास. मध्यरात्र झाली असती.

चौथा पर्याय माझ्या मजल्यावर होता. लिनॅकवर शेवटचा रुग्ण साडेसहाला उतरला होता. लिनॅकने रक्ताच्या बॅगेला किरण देता येतात, इरॅडिएटर नसलेली अनेक रुग्णालयं तेच करतात. आमच्याकडे तशी लेखी पद्धतही फाइलमध्ये होती. वापरली कधीच नव्हती.

प्रश्न किती द्यायचे हा होता. इथे आम्ही जवळजवळ वीस मिनिटं घालवली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. बॅगेला आधी किती मिळालंय ते माहीत नव्हतं. पण वरची हद्द माहीत होती. कोबाल्टचा स्रोत काळाबरोबर क्षीणच होतो, वाढत नाही, त्यामुळे तक्त्यातल्या ३० ग्रेच्या वर बॅगेच्या कोणत्याही भागाला मिळालेलं असणं शक्य नव्हतं. खालची हद्द शून्य धरली तरी चालेल, जरी अर्धवट काळवंडलेली पट्टी शून्य नाही असं सांगत होती. लिनॅकवर पूर्ण २५ दिले तर वाईटात वाईट बेरीज ५५. २० दिले तर वाईटात वाईट बेरीज ५०, आणि आधीचं सगळं शून्य धरलं तरी बॅगेच्या प्रत्येक भागाला किमान २०, म्हणजे १५ च्या चांगलं वर. मध्याला २५ चा नियम काटेकोरपणे पाळला जाईलच असं म्हणता येत नव्हतं, पण आधीचे किमान पाच ग्रेही नाहीत असं मानायला त्या पट्टीने जागा ठेवली नव्हती.

मॅडमनी २० वर सही केली.

काय केलं

बॅग पर्स्पेक्सच्या दोन जाड फळ्यांमध्ये ठेवली आणि कडेच्या पोकळ्या जेल-बोलसने (शरीराच्या ऊतीसारख्या मऊ जेलच्या चकत्यांनी) भरल्या, कारण हवेच्या पोकळीजवळ मात्रा बिघडते. ६ एमव्हीचे (मेगाव्होल्ट) फोटॉन, म्हणजे लिनॅकचे क्ष-किरण, १० ग्रे वरून, मग सगळं उलटं करून १० ग्रे खालून. आमचं लिनॅक एका दमात हजार मॉनिटर युनिटच्या (यंत्र किती किरण सोडतं ते मोजायचं एकक) आतच सोडतं, त्यामुळे प्रत्येक बाजूला दोन-दोन हप्ते. सगळं मिळून पंधरा मिनिटं, त्यातली बरीच फळ्या हलवण्यात. टेबलावर रुग्णाऐवजी प्लेटलेटची पिशवी असताना कन्सोलवरची ‘रुग्ण ओळख पडताळली का’ ही चौकट भरताना आमची ज्युनियर फिजिसिस्ट हसली. तेवढाच एक हलका क्षण.

बॅग साडेआठला वॉर्डमध्ये गेली. खाली भाऊ उभा होता. “माझ्याच बहिणीला माझंच रक्त, मग दोन तास अडवलं कशाला?” असं त्याने विचारलं. मॅडमनी त्याला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं. पट्टीबद्दलसुद्धा सांगितलं, ते मला आवडलं.

इरॅडिएटरच्या दारावर ‘वापरू नये’ असा कागद लावला. फ्रीजमधल्या किरण दिलेल्या नऊ लाल पेशींच्या बॅगा बाजूला काढल्या. त्यांना पुन्हा किरण देणं मनाला पटत नव्हतं. किरण दिलेल्या लाल पेशींतून पोटॅशियम जास्त झिरपतं, म्हणूनच त्यांची मुदत २८ दिवसांवर आणतात. मॅडमचा तोडगा साधा होता. ज्यांना किरणांची गरज नाही अशा रुग्णांना त्या बॅगा द्यायच्या, मुदत मात्र कमी केलेलीच पाळायची. एकही बॅग फेकावी लागली नाही.

मोजमाप

दुसऱ्या दिवशी मी यंत्र मोजायला बसलो. हाताशी गॅफक्रोमिक ईबीटी-३ फिल्म होती. रेडिओथेरपीसाठी उत्तम, पण ती २० ग्रेपर्यंतचीच आणि १० ग्रेच्या आत असेल तेव्हाच भरवशाची. त्यावर गेलं की रंग इतका गडद होतो की थोडं कमी-जास्त कळतच नाही. २५ ग्रे मोजायला जास्त मात्रेची दुसरी फिल्म लागते आणि ती मागवायला दोन आठवडे.

म्हणून वेळ कापला. पाच मिनिटांऐवजी एकदा १ मिनिट आणि एकदा २ मिनिटं. एकाच वेळेवर का थांबलो नाही, ते सांगतो. डबा खाली उतरताना आणि वर येताना वाटेतही थोडे किरण मिळतात. १ मिनिटाच्या आकड्याला सरळ पाचाने गुणलं तर ती वाटेतली भर पाचपट होऊन बसते. दोन मिनिटांतून एक मिनिट वजा केलं की वाटेतला भाग गळून पडतो आणि खरा दर मिनिटाचा हिशेब हाती येतो.

डब्यात सलाइनच्या पिशव्या रचून त्यांच्यामध्ये फिल्मचे तुकडे ठेवले : मध्यावर, वरच्या कडेला, खालच्या कडेला, भिंतीलगत. त्याच शीटचे आणखी तुकडे लिनॅकवर १, २, ४, ६, ८ आणि १० ग्रे देऊन आणि एक कोरा ठेवून मोजपट्टी बनवली. मग एक दिवस थांबलो. किरण थांबल्यावरही फिल्मचा रंग काही तास वाढत राहतो, म्हणून मोजपट्टीचे आणि यंत्रातले तुकडे सारख्याच अंतराने, साधारण २४ तासांनी स्कॅन करायचे. स्कॅनरवर तुकडा आडवा ठेवला की उभा, यानेही आकडा बदलतो. फिल्ममधले स्फटिक सुईसारखे लांबट आणि एका दिशेने मांडलेले असतात, त्यामुळे त्यांच्यातून जाणारा प्रकाश दिशेप्रमाणे वेगळा पडतो. प्रत्येक तुकड्याच्या एका कोपऱ्यात मार्करने ठिपका घातला होता, तरी दोन तुकडे चुकून आडवे गेले आणि सगळा खेळ पुन्हा मांडावा लागला. निळ्या फिल्ममध्ये लाल प्रकाश सर्वांत जास्त अडतो, म्हणून स्कॅनचा लाल भागच वाचला.

मध्यावर मिनिटाला ४.३ ग्रे. पाच मिनिटांचे साडेएकवीस.

तक्ता सांगत होता २५.

कागद-पेन घेतलं. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला सव्वा टक्क्याच्या जरा आत, १.१ टक्के घट. २५ चे २१.४ व्हायला १४ महिने लागतात. यंत्राच्या दारावरच्या तक्त्याची शेवटची ओळ बरोबर १४ महिन्यांपूर्वीची होती. तक्त्यात दर महिन्याला काही सेकंद वाढवत नेलेले होते, दोन वर्षांपुरते. दोन वर्षं संपली, तक्ता संपला. त्यानंतर प्रत्येकाने शेवटची ओळच वापरली : ५ मिनिटं ० सेकंद. त्या दिवशी लागायला हवी होती ५ मिनिटं ५० सेकंद.

वरच्या कडेचा आकडा जास्त अस्वस्थ करणारा होता. यंत्र बसवतानाच्या नकाशात तिथे १८ ग्रे होते. आता फिल्म १५.३ दाखवत होती. अशा फिल्ममोजणीत चारेक टक्क्यांची चूक मी धरतो, म्हणजे खरा आकडा १४.७ ते १५.९ मध्ये कुठेही. १५ च्या वर आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

एसडीपीची बॅग उंच असते आणि तिची पट्टी सवयीने नळीजवळ, म्हणजे नेमकी त्याच कडेला लागत होती. लाल पेशींच्या बॅगेवर ती पोटावर लागायची, जिथे मात्रा भरपूर. ‘अधूनमधून फिकट’ यामागे एवढंच होतं. रजिस्टरमधले ते दोन शेरेही एसडीपीचेच निघाले.

जुना डबा

राहिला तो जुना डबा, ज्याच्या पट्ट्या कधी चुकत नव्हत्या. तो क्रॉसमॅचच्या (रक्त जुळवून पाहण्याच्या) टेबलामागे खिडकीच्या कट्ट्यावर, झाकण अर्धवट उघडं, असा ठेवलेला होता. दुपारी तीननंतर तिथे ऊन येतं. नवा डबा ताईंनी एसीच्या खोलीत ड्रॉवरमध्ये ठेवला होता, सूचना वाचून.

दोन्ही डब्यांतली एकेक कोरी पट्टी शेजारी ठेवली. जुनीच्या खिडकीवर आधीच निळसर झाक होती. दोन्हींना लिनॅकवर १२ ग्रे दिले, म्हणजे १५ पेक्षा मुद्दाम कमी. नव्या पट्टीवर ‘नॉट’ स्पष्ट वाचता येत होतं. जुनीवर जवळजवळ झाकलं गेलं होतं.

उन्हाने आणि उकाड्याने जुन्या पट्ट्या आधीच थोडा रंग साठवून बसल्या होत्या. चौदा महिने कोबाल्ट कमी होत गेला आणि त्याच काळात खिडकीत पट्ट्या गडद होत गेल्या. एकाची तूट दुसऱ्याने भरून काढली, आणि रजिस्टरमध्ये सगळं छान दिसत राहिलं. ज्या डब्याला आम्ही सदोष ठरवलं, तोच खरं सांगत होता.

कोणाला कळवायचं

इथे आमचं एकमत झालं नाही. चौदा महिन्यांत सुमारे तीनशे बॅगांना यंत्रातून किरण मिळाले होते, सगळ्यांना ठरल्यापेक्षा कमी, पहिल्या महिन्यात एक टक्का आणि शेवटी चौदा. किमान १५ ची अट मोडली गेली असेल तर शेवटच्या काही आठवड्यांत, वरच्या कडेला, तीही काठावर. टीए-जीव्हीएचडी रक्त दिल्यावर सहसा पहिल्या काही आठवड्यांतच ताप, पुरळ, जुलाब अशा रूपात समोर येतं.

व्यवस्थापनाचं म्हणणं, कोणाला अपाय झालेला नाही, मग घबराट कशाला. मॅडमचं म्हणणं, सगळ्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी कळवा. शेवटी मागच्या सहा आठवड्यांतल्या रुग्णांच्या डॉक्टरांना पत्रं गेली. रुग्णांना सांगायचं की नाही ते डॉक्टरांवर सोडलं. मला ही तडजोड तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. सहा आठवडे हा आकडा वैद्यकीय आहे, पण पत्रं किती निघतील यावरही त्यावेळी एक नजर होती, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत आहे.

निष्पत्ती

यंत्र बनवणाऱ्यांचा अभियंता आठवड्याने आला तो फ्रिकेचं द्रावण घेऊन. फेरस सल्फेटचं हे द्रावण १९२७ पासून मोजमापासाठी वापरात आहे. किरणांनी फेरसचं फेरिक होतं आणि त्याचा रंग ३०४ नॅनोमीटरला, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील भागात वाचतात. त्याची अडचण माझ्या नेमकी उलटी. द्रावण ४० ग्रेच्या खाली नीट बोलत नाही. मी वेळ कापला होता, त्याने वाढवला, दहा मिनिटं. दोघांचे दर तीन टक्क्यांच्या आत जुळले.

बाईंना अशी कोणतीही लक्षणं दिसली नाहीत, चौथ्या आठवड्यात त्या घरी गेल्या. मागच्या रुग्णांतही टीए-जीव्हीएचडी आढळला नाही. यंत्राला नवा तक्ता लागला, पाच वर्षांचा, आणि शेवटच्या ओळीखाली लाल अक्षरांत ‘यापुढे वापरू नये’.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझ्याकडची. इरॅडिएटर माझ्या तपासणीच्या यादीत होता. मी दरवेळी खोलीभोवती सर्व्हे मीटर फिरवून गळती नाही असं लिहीत होतो. बाहेर किरण येत नाहीत हे मी नेमाने पाहिलं, आत पुरेसे पडतात का हे पाहणं रक्तकेंद्राचं काम समजलो. रक्तकेंद्राने ते देखभाल करार असलेल्या कंपनीचं समजलं. कराराचं नूतनीकरण फाइलमध्ये अडकलं होतं आणि कोबाल्टच्या यंत्राची दर सहा महिन्यांची मात्रा-मोजणी त्याच फाइलमध्ये. दाराशी उभा राहून मी तो तक्ता निदान तीन वेळा पाहिला असेल. तारीख वाचली नाही.

दुसरी गोष्ट रजिस्टरमधल्या त्या दोन शेऱ्यांची. ‘नवी पट्टी सदोष, जुनी वापरली’ असं लिहिणाऱ्या मुलाने काही लपवलं नव्हतं, उलट लिहून ठेवलं. पण ते वाचणारं कोणी नव्हतं. आता पट्टी फिकट आली की बॅग थांबते आणि फोन मॅडमना जातो. दुसरी पट्टी लावायला मनाई आहे. त्या दोन बॅगांना मात्र दोन फेऱ्या मिळाल्या होत्या. हिशेब केला तर सर्वांत तापत्या जागी साडेएक्कावन्न ग्रे, मर्यादेच्या जरा वर. प्लेटलेट होत्या म्हणून फारसं बिघडलं नाही. लाल पेशी असत्या आणि त्या नवजात बाळाला गेल्या असत्या, तर पोटॅशियमचा प्रश्न उभा राहिला असता.

पट्टी कुठे लावायची हेही बदललं. सवयीची जागा सोडून आता ती मुद्दाम सर्वांत कमी मात्रेच्या जागी, वरच्या कडेला लावतो, लाल पेशींच्या बॅगेवरही. तिथे ‘नॉट’ झाकला गेला तर बाकी बॅगेची काळजी नाही. मध्यावर काळी झालेली १५ ग्रेची पट्टी कडेबद्दल काहीच सांगत नाही, आणि आम्ही ती इतके दिवस संपूर्ण बॅगेचं प्रमाणपत्र म्हणून वाचत होतो.

लिनॅकवर २० की २५, या निर्णयाबद्दल एका परिषदेत मला कोणीतरी टोकलं, की नियम मध्याला २५ चा असताना तुम्ही कमी दिले. आज पुन्हा तीच वेळ आली तरी मी २० च देईन. मात्र त्या रात्री बॅगेबरोबर फिल्मचा एक तुकडा ठेवायला हवा होता, प्रत्येक बाजूच्या १० ग्रेसाठी वेगळा. फिल्म कपाटात होती आणि घाईत कोणाला सुचलं नाही. त्या वीस ग्रेची नोंद आमच्याकडे फक्त कन्सोलच्या आकड्यांत आहे.

ताईंनी स्वतःहून एक पद्धत सुरू केली आहे. दर सोमवारी चालू डब्यातली एक कोरी पट्टी, किरण न देता, रजिस्टरच्या पानावर चिकटवतात आणि शेजारी तारीख आणि टायमरचा वेळ लिहितात. पान उलटताना पट्ट्यांची रांग दिसते, सगळ्यांवर ‘नॉट’ स्वच्छ. परवाची नोंद ५ मिनिटं ५७ सेकंदांची होती.